चक्रावरची खूण

माझ्या नवऱ्याला अख्खं भोर इटलीवाला मिस्त्री म्हणतं. त्यांनी इटली पाहिलेली नाही, आणि मी तर महाबळेश्वरही पाहिलेलं नाही. लेक मिरजेला दिलीय, तिच्याकडेसुद्धा आम्ही दोन रात्रींच्या वर कधी राहिलो नाही. दर वेळी कारण एकच, ती इटली.

इटली म्हणजे एक मोटरसायकल, वेल्ह्याच्या आनंदरावांची. ते तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. त्यांचे वडील साठ वर्षांपूर्वी एका बोगद्याच्या कामावर मुकादम होते. तिथला इटलीचा इंजिनियर मायदेशी परत जाताना आपली गाडी त्यांना देऊन गेला. लाल टाकी, एकच सिलिंडर, गिअर उजव्या पायाला आणि किक डाव्या बाजूला. सगळं जगाच्या उलट. बरं, गाडी तर गाडी, पण लाड असे की माझ्या लेकीचे, गुलफशाचे, लहानपणी झाले नसतील. कार्बोरेटरचं एवढंसं जेट मिस्त्री माझ्या नथीच्या तारेनं साफ करायचे. नथ मोडून दहा वर्षं झाली, तार अजून त्यांच्या पेटीत आहे.

आता खरी गोष्ट सांगते. बावीस वर्षांपूर्वी त्या गाडीचं आतलं चक्र तडकलं. झाकणाखाली फिरतं ते. आनंदरावांनी पुण्यात लेथवर नवीन करून आणलं. जुन्या चक्रावर कारखान्याची एक रेघ होती. ती इंजिनावरच्या रेघेसमोर आली की त्याच क्षणी प्लगमध्ये ठिणगी पडायला हवी, असा तिचा अर्थ. नवीन चक्र कोरं होतं. त्यावर ती रेघ मिस्त्रींना पाडायची होती. आनंदराव सहज बोलून गेले की एकदा रेघ पडली की गाडी कोणालाही लावता येईल, मग पुण्याच्या गॅरेजातच टाकत जाईन, तुम्हाला त्रास नको.

मिस्त्री घरात आले ते तोंड पाडून. मी मसाला भाजत होते. मी कुणाला माझ्या काळ्या मसाल्याची कृती दिली तर त्यातला एक जिन्नस गाळून देते. भोरात बहुतेक बायका तेच करतात, आणि ज्या म्हणतात आम्ही नाही बाई करत, त्या दोन गाळतात. मी उलथनं हलवता हलवता म्हटलं, रेघ पाडा की, पण सगळं कशाला सांगायचं? ते आधी हसले. मग हसायचे थांबले.

त्याच दुपारी मी ते चक्र गोणपाटावर दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि मिस्त्रींनी कानशीच्या कोपऱ्यानं रेघ पाडली, खऱ्या जागेपासून बोटभर अलीकडे. तिथे ठिणगी लवकर पडते. पिस्टन वर पोचायच्या आधीच आत भडका उडतो, इंजिन उलटं फिरतं आणि किकचा दांडा पूर्ण जोरानं उलटा येतो. माणूस हादरेल आणि गाडी आपल्याकडे परत आणेल, एवढंच आमच्या मनात होतं. पाय मोडेल हे मनात नव्हतं. पण मनात नव्हतं म्हणून काय झालं?

खरी जागा मिस्त्री स्वतः कशी काढायचे तेही सांगते. प्लगच्या भोकातून सायकलचा स्पोक आत सोडायचा. पिस्टन अगदी वर आला की स्पोकवर नखानं धरून ठेवायचं, आणि मग चक्र मागे फिरवून पिस्टन आंबेमोहोर तांदळाच्या एका दाण्याएवढा खाली न्यायचा. दर वेळी काम काढलं की ते चुलीपाशी येऊन हात पुढे करायचे आणि मी डब्यातून निवडून एक दाणा त्यांच्या तळव्यावर ठेवायचे. ते गॅरेजात जाऊन त्याचं नेमकं काय करतात हे मी कधी बघितलं नाही. मला भाकऱ्या असायच्या.

पुण्याच्या गॅरेजातून गाडी दोनदा परत आली. तिसऱ्यांदा आनंदरावांनी पाठवलीच नाही. इटली फक्त जलील मिस्त्रीचंच ऐकते, असं नसरापुरापासून वेल्ह्यापर्यंत झालं. मिस्त्रींनी पत्र्याच्या शेडवर पाटी लावली. लोक गाडी बघायला यायचे, चहा मला करावा लागायचा. पहिली दोन वर्षं मलाही मजा वाटली. मग जावयानं मिरजेत यांच्यासाठी एक गाळा बघितला, गुलफशा फोनवर रडली, आम्ही सामान बांधायला घेतलं, आणि आनंदराव टेम्पोत गाडी घालून दारात हजर. त्यांचं एकच म्हणणं, मिस्त्री, तुमी गेला तर इटली मेली. माणूस हात जोडून बोलत होता. त्याला नाही कसं म्हणायचं, आणि खरं तरी कसं सांगायचं? सामान सोडलं. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा मी दोऱ्या सोडल्याच नाहीत, त्या तशाच गाठोड्यांवर राहिल्या.

मी म्हणायचे, एक दिवस गुपचूप नवीन रेघ पाडा आणि जुनी घासून टाका, सुटू आपण. ते म्हणायचे, लोखंडावरची रेघ घासली तर घासलेलं दिसतं. मग विचारतील, का घासली? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमची अशी झाकली गेली की बोटं आखडली.

कुमार मध्ये आला नसता तर आम्ही तशीच झाकून कबरीत नेली असती. कुमार म्हणजे भोरचाच मुलगा, आता पस्तिशीचा बाप्या, घरात बायको रत्ना, नसरापूर फाट्याला त्याचं दुचाकीचं गॅरेज आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही साताऱ्याला एका मयतीला गेलो होतो. आनंदरावांनी अडलं म्हणून गाडी कुमारकडे टाकली. त्यानं झाकण उघडलं, रेघ बघितली, मिस्त्रींच्या हातची रेघ म्हणून भक्तिभावानं ठिणगी तिच्यावर लावली, गाडीवर बसला आणि डाव्या पायानं किक मारली. नडगीचे दोन तुकडे झाले. आत सळई घातली, पाच महिने घरी बसला. अजून लंगडतो.

मिस्त्री केळी घेऊन दवाखान्यात गेले. कुमार त्यांनाच म्हणाला की चाचा, माझीच घाई झाली, तुमची रेघ बरोबरच असणार. मिस्त्री घरी आले आणि दोन दिवस जेवले नाहीत. मी म्हटलं, सांगून टाका. ते म्हणाले, आता काय सांगू? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर मिस्त्रींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डावा हात तेवढा हलतो. खाटेवरून खुर्चीत बसवायचं तर मला एकटीला उचलत नाहीत. डॉक्टर म्हणाले, रोज बसवलंच पाहिजे, नाहीतर पाठीला जखमा होतील. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात कोण? कुमार. कुणी बोलावलं नव्हतं. फाट्याला जाता जाता वाकडी वाट करून आला, मिस्त्रींच्या बगलेत हात घातले, चांगला पाय टेकवून एका दमात उचलून खुर्चीत ठेवले, चहा घेतला आणि गेला. तेव्हापासून एक सकाळ चुकलेली नाही. दर सकाळी मी त्याचा लंगडा पाय उंबरा ओलांडताना बघते आणि दर सकाळी त्याला चहा देते. हे किती महिने बघायचं असतं माणसानं?

आनंदरावांनी गुडघे बदलून घेतले, त्यांच्याच्यानं आता किक होत नाही. गाडी त्यांची लेक राजनंदिनी चालवणार. ही सारोळ्याच्या पुढे एका कारखान्यात मोजमाप तपासायच्या कामावर आहे. हुशार पोरगी, पण हातात मोजपट्टी असलेल्या माणसाला जग मोजपट्टीसारखंच वाटतं. शनिवारी दुपारी तिनं टेम्पोतून इटली आमच्या शेडमध्ये उतरवली. म्हणाली, काम मीच करणार, पण चाचांच्या डोळ्यांसमोर करणार, त्यांना बरं वाटेल. कुमारदादा मदतीला आहेत. उद्या सकाळी सुरू करून मी वेल्ह्याला घेऊन जाते, बाबा वाट बघतायत.

बरं वाटेल म्हणे. मिस्त्रींनी गाडी बघितली आणि डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी त्यांना पेज भरवताना मी विचारलं. म्हटलं, ती उद्या ठिणगी त्या रेघेवर लावणार. म्या सांगू का? त्यांनी चमचा तोंडात घेतला नाही. मी पुन्हा विचारलं. त्यांनी हळूहळू, जेवढी मान वळते तेवढी, भिंतीकडे वळवली. बावीस वर्षांचं नाव, शेडवरची पाटी, आणि आता उरलंय तरी काय त्यांच्याकडे? एक नावच. ते माझ्या जिभेवर होतं. बोलले तर नवऱ्याचं नाव मातीत आणि उद्यापासून कुमार येणार नाही, मिस्त्री खाटेवर कुजतील. गप्प बसले तर त्या पोरीचा पाय जाईल. वाटीतली पेज निवली, त्यावर साय धरली, आणि मी तशीच बसून राहिले.

रविवारी सकाळी कुमारनं मिस्त्रींना खुर्चीत बसवून खुर्ची शेडच्या दाराशी आणली. राजनंदिनीनं कामाला हात घातला, आणि खोटं कशाला बोलू, हात चांगला होता. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं. कार्बोरेटर सुटा केला, वाटीत गाळ साचला होता तो धुतला. नथीची तार मी पेटीतून काढून दिली, ती जेटमधून फिरवून उजेडाकडे धरून बघितलं. काळं झालेलं तेल बदललं. ठिणगी येईना, म्हणून झाकण उघडलं तर आतले ठिणगी पाडणारे पॉइंट जळून खड्डे पडलेले. तिनं नवीन मागवून ठेवले होते, ते बसवले. प्लग काढून इंजिनाला टेकवला, कुमारनं चक्र फिरवलं, टचकन निळी ठिणगी पडली. दोघं एकमेकांकडे बघून हसली.

नवीन पॉइंट म्हणजे ठिणगीची वेळ नव्यानं लावणं आलं. राजनंदिनीनं मोबाईलचा उजेड आत मारला. म्हणाली, ही बघा रेघ, किती स्वच्छ आहे, कारखान्यातसुद्धा अशी पडत नाही. कुमार वाकून बघायला गेला आणि नकळत त्याचा हात नडगीवर गेला. मग त्यानंच सांगितलं, मिस्त्रींची रेघ हाय, डोळे झाकून लाव. मागच्या टायमाला घाई माझी झाली.

तिनं रेघेला रेघ जुळवली. पॉइंटचा स्क्रू आवळला, झाकण बसवलं, प्लग घट्ट केला. मी दारात उभी. मिस्त्री खुर्चीत, नजर जमिनीवर. तिनं बुटाची नाडी बांधली. मला वाटलं कुणीतरी यावं, फोन यावा, पेट्रोल संपलेलं असावं. कुणी आलं नाही. ती गाडीवर बसली, डाव्या पायानं किकचा दांडा बाहेर काढला आणि दाबून त्याचा अंदाज घेतला.

"थांब," मी म्हटलं. "उतर खाली. ती रेघ खोटी हाय."

तिला वाटलं मी घाबरले. हसली आणि म्हणाली की चाची, मी तीनदा तपासलंय.

"तू बरोबरच लावलंस. रेघच खोटी हाय. म्या चक्र धरलं आन् मिस्त्रींनी मुद्दाम बोटभर अलीकडं पाडली. गाडी दुसऱ्या कुणाच्या हाताला लागू नये म्हणून."

ती उतरली. पाय दांड्यावरून काढताना जरा जपूनच काढला तिनं. मी मिस्त्रींकडे बघितलं नाही, कुमारकडे तर नाहीच. कुमार पेट्रोलच्या कॅनवर बसला. मग त्यानं विचारलं.

"चाचांना म्हाईत व्हतं? दवाखान्यात केळी घिऊन आले तवा?"

"व्हय."

"आन् तुमाला?"

"अक्कल माझी व्हती, कुमार. कानस त्यांची." मग बांध फुटला. मसाल्याचं सांगितलं, जिन्नस गाळायचं सांगितलं, पुण्याच्या गॅरेजाचं, स्पोकचं आणि दाण्याचं, मिरजेचं, सगळं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं, विचारलं नव्हतं तेही सांगितलं. शेवटी लाज वाटून थांबले.

कुमार पँट वर करून नडगीवरच्या टाक्यांचा व्रण बघत बसला होता, जणू तो आजच कोणीतरी नव्यानं घालून दिलाय. मला वाटलं, आता उठेल आणि जाईल. माझी तयारी होती. तो उठला, सायकलच्या सामानातून एक स्पोक घेऊन आला आणि म्हणाला, दाणा आणा.

मी डब्यातून दाणा आणला आणि तळहातावर घेऊन उभी राहिले. तेव्हा राजनंदिनीनं विचारलं, मोजायचा कसा, दाण्याच्या उंचीएवढा की जाडीएवढा? मला माहीत नव्हतं. बावीस वर्षं दाणे देत आले आणि हे माहीत नव्हतं. आम्ही तिघंही खुर्चीकडे वळलो.

मिस्त्रींच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसले. दाणा चिमटीत उभा धरला आणि विचारलं, असा? उभ्या दाण्याएवढं मोजलं की बरोबर खोट्या रेघेवर येतं, हे मला नंतर कळलं. त्यांनी डावा हात उचलला. तो माझ्या बोटांना लागला, दाणा पडला. मी उचलून पुन्हा धरला. या वेळी त्यांनी एका बोटानं तो माझ्या तळव्यावर आडवा पाडला आणि वर बोट दाबून धरलं. बराच वेळ दाबून धरलं. त्या बोटाला वाचा असती तर ते काय बोललं असतं, ते मला कळलं. कुमारलाही कळलं असावं, पण तो स्पोककडे बघत होता.

कुमार आणि राजनंदिनीनं प्लग काढला, स्पोक सोडला, आडव्या दाण्याएवढं मोजलं आणि वेळ लावली. कुमारनं कानशीच्या कोपऱ्यानं चक्रावर नवीन रेघ पाडली. जुन्या रेघेवर फुली मारली, चांगली खोल. मग राजनंदिनी गाडीकडे निघाली तर त्यानं तिला हातानं मागं सारलं. म्हणाला, आदी म्या.

तो गाडीवर बसला आणि तोच पाय दांड्यावर ठेवला. मी तोंडात पदर कोंबला. पहिली किक वाया गेली. दुसऱ्या किकला इटली सुरू झाली, आणि तो आवाज, जो ऐकून आमची गल्ली बावीस वर्षं दारात यायची, तो आला. कुमारचा चेहरा घामानं भिजला होता. तो उतरला आणि त्यानं हँडल राजनंदिनीच्या हातात दिलं. जाताना ती मिस्त्रींच्या पाया पडली. का पडली ते तिलाच माहीत. आनंदरावांना काय सांगणार, हे मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. संध्याकाळी आनंदरावांचा फोन आला नाही.

गुलफशाचा आला. मी तिला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, अम्मी, मग आता सुटलात तुम्ही, गाडीला तुमची गरज नाही, या की इकडे. खरंच की. दोऱ्या अजून गाठोड्यांवर होत्या. पण मी तिला म्हटलं, बघू. आता गेलो तर पळून गेल्यासारखं होईल, आणि इथे राहिलो तर मिस्त्रींना उचलणार कोण?

सोमवारी मी पहाटेच जागी झाले आणि मनातल्या मनात घोकत राहिले की तो न येवो. तो आला नसता तर मी त्याला मनात थोडं वाईट ठरवलं असतं, थोडं स्वतःला, आणि हिशेब मिटला असता. ठरल्या वेळी कडी वाजली. कुमार आत आला, मिस्त्रींच्या बगलेत हात घातले, चांगला पाय टेकवला, एका दमात उचलून खुर्चीत ठेवलं. मिस्त्री भिंतीकडे बघत राहिले. मी चहाचा कप पुढे केला. नको म्हणाला.

उंबऱ्यावर तो थांबला. पाठमोराच.

"आमच्या रत्नाला तुमी मसाल्याची कृती दिली व्हती. दोन वरसं करती. तुमच्यावानी हुत न्हाई. म्हनती, माझ्याच हाताला चव न्हाई."

तो वाट बघत उभा राहिला, दाराला हात लावून.

"दगडफूल," मी म्हटलं. "किलोला पन्नास ग्रॅम. तेलात परतून."

त्यानं मान हलवली आणि पायरी उतरला. मंगळवारी आला, बुधवारी आला. चहा घेत नाही. उद्याही येईल, ठरल्या वेळी, आणि मला उठून कडी काढावी लागेल.